करड्याची कुळकथा

‘कृष्णधवल’ हा शब्द मोठा फसवा आहे. ज्या छायाचित्राला आपण कृष्णधवल म्हणतो, त्यात निखळ काळे फार थोडे असते आणि निखळ पांढरे त्याहूनही थोडे. बाकीचा सारा मुलूख करड्याच्या मालकीचा. आजोबांच्या पगडीची घडी, आजीच्या लुगड्याचा पोत, वाड्याच्या भिंतीवरून उतरणारे ऊन, हे सारे करड्याच्या नाना छटांनीच सांगितलेले असते. मग एक फोटो पाहून आपण ‘वा!’ म्हणतो आणि दुसरा हाती येताच ‘हा काय राखेत बुडवून काढला?’ असे विचारतो, ते का? करडे तर दोन्हींत असते!

अशा राखाडी फोटोला स्टुडिओवाले ‘फ्लॅट’ म्हणतात, आमच्याकडे त्याला ‘मळका’ म्हणत. कागद उत्तम, कॅमेरा उत्तम, समोरचा माणूस देखणा, आणि तरीही फोटो मळका! या मळकेपणाशी माणसाने दीडशेहून अधिक वर्षे झुंज दिली. तिची हकीकत आज सांगायची आहे. मी इतिहासकार नव्हे. तारुण्यातली काही वर्षे एका लहानशा स्टुडिओच्या काळोख्या खोलीत काढली आणि पुढे त्या खोलीच्या वाडवडिलांविषयी मिळेल ते वाचत गेलो, एवढीच माझी शिदोरी.

या झुंजीतली पहिली लढाई काळ्यासाठी झाली असेल असे वाटते. ती झाली पांढऱ्यासाठी. १८०२ साली इंग्लंडात टॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांच्या एका टिपणात अशी माहिती आली की, सिल्व्हर नायट्रेट फासलेल्या कागदावर किंवा पांढऱ्या चामड्यावर झाडाचे पान ठेवून ते उन्हात धरले, तर भोवतालचा भाग काळवंडतो आणि पानाची आकृती उमटते. आकृती उमटली खरी, पण ती ठेवायची कुठे? उजेडात आणली की झाकला गेलेला पांढरा भागही काळा पडू लागे आणि थोड्याच वेळात सारा कागद एकरंगी होऊन जाई. ही चित्रे मेणबत्तीच्या उजेडात चोरून पाहावी लागत. काळे करणे सोपे होते, पांढरे राखणे कठीण.

विल्यम हेन्री फॉक्स टालबॉट यांनी १८३४ पासून लेकॉक अ‍ॅबी या आपल्या घरी याच प्रश्नाला हात घातला. कागद आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट चढवायचे, आणि चित्र उमटल्यावर पुन्हा तीव्र मिठाच्या पाण्यात बुडवून ते ‘थोपवायचे’. थोपवायचे हाच शब्द योग्य, कारण त्याने क्षार निघून जात नसत, नुसते सुस्त होत. पांढऱ्या भागावर जांभळट झाक चढायची ती चढेच.

यावरचा उपाय एका खगोलशास्त्रज्ञाजवळ वीस वर्षे पडून होता. सर जॉन हर्शेल यांना १८१९ सालीच असे आढळले होते की, ‘हायपो’ नावाचा पदार्थ चांदीचे न विरघळणारे क्षार विरघळवून टाकतो. १८३९ च्या फेब्रुवारीत टालबॉट त्यांना भेटायला गेले आणि हर्शेलनी तो प्रयोग त्यांना दाखवला. ज्या क्षारांना ऊन लागले नाही ते धुऊन निघाले, कागद पुन्हा कागदाइतका पांढरा झाला आणि तसाच राहिला. रसायनशास्त्रज्ञांनी त्या पदार्थाचे नाव पुढे बदलून सोडियम थायोसल्फेट केले, पण डार्करूममध्ये आजही तो हायपोच. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे दोन शब्दही हर्शेलनीच रूढ केले.

पांढरे हाती आले, तेव्हा काळ्याची उणीव दिसू लागली. मिठाच्या कागदावरचे चित्र कागदाच्या तंतूंत मुरलेले असे. त्याच्या खडबडीत पृष्ठावर उजेड पडला की तो चारी दिशांना उधळे आणि त्यातला थोडा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येई. त्यामुळे कितीही काळे केले तरी ते तपकिरी-करडेच भासे. आपल्या ओसरीवरची कोरडी शहाबादी फरशी करडी दिसते, तिच्यावर तांब्याभर पाणी सांडले की तीच काळीभोर होते. फरशी बदललेली नसते, तिचे पृष्ठ गुळगुळीत झालेले असते. फोटोच्या कागदावर असे न वाळणारे पाणी कसे पसरावे?

लुई देझिरे ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थाने १८५० साली उत्तर दिले: अंड्याचा पांढरा भाग! तो फेसून, निवळून, त्यात मीठ घालून कागदावर चढवला की गुळगुळीत, चकचकीत थर बसे. चित्र तंतूंत न मुरता त्या थरात राही आणि काळे एकदम खोल दिसे. पुढची चाळीसएक वर्षे जगभर हाच कागद चालला. जर्मनीतील ड्रेस्डेन शहर या धंद्याचे माहेरघर झाले आणि तिथल्या एका मोठ्या कारखान्यात रोज साठ हजार अंडी फुटत, असे त्या काळचे वर्णन आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यात होते. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशी यायला फार काळ लागला नाही. सोवळे कडकडीत पाळणाऱ्या किती घरांतले पूर्वज अंड्याच्या थरावर बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर विराजमान झाले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही!

पुढे आलेल्या कागदांनाही हा नियम सुटला नाही. चकचकीत कागदावरचे गडद काळे हे अंगावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा एकच्या आसपास परत करते, खरखरीत कागदावरचे काळे त्याच्या दुप्पट-तिप्पट. पांढरा कागद नव्वदीच्या घरात परत करतो. म्हणजे चित्रकाराला खेळायला पटांगण मिळते ते शंभर पटीच्या आतले. उन्हातल्या साध्या देखाव्यात मात्र उजळ आणि गडद यांत शेदीडशे पट किंवा त्याहून पुष्कळ जास्त अंतर असते. एवढा मोठा संसार या छोट्या बिऱ्हाडात बसवायचा, ही खरी अडचण.

जुन्या कागदात ही अडचण निसर्गच थोडीफार सोडवीत असे. निगेटिव्हखाली कागद ठेवून चौकट उन्हात मांडायची आणि चित्र डोळ्यांदेखत उमटू द्यायचे. जो भाग आधी काळा होई, त्या काळ्याचीच छत्री खालच्या क्षारांवर धरली जाई, आणि तो आणखी काळा होण्याचा वेग मंदावे. तोवर उजळ भागांना आपला तपशील उमटवायला सवड मिळे. म्हणून त्या काळच्या निगेटिव्ह चांगल्या दाट, कडक बनवीत. कागद त्यांना सांभाळून घेई.

मग १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या थराची कल्पना मांडली आणि सारे चित्र पालटले. काचा सुटसुटीत झाल्या, पुढे जिलेटिनचे ब्रोमाइड कागद आले, आणि १८९३ च्या सुमारास लिओ बेकलँड यांनी अमेरिकेत ‘व्हेलॉक्स’ हा गॅसबत्तीच्या उजेडात छापता येणारा कागद काढला. (बॅकेलाइटच्या काळ्या बटणांनी पुढे ज्यांचे नाव घरोघर नेले, तेच हे बेकलँड.) आता ऊन नको, तासन्तास वाट पाहणे नको. दिव्याखाली काही सेकंद कागद धरला की झाले. पण कागदावर तेव्हा काहीच दिसत नसे. चित्र झोपलेले असे, आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये जागे होई. इथेच मळक्या करड्याने दुसऱ्या दाराने प्रवेश केला.

एक तर ती काळ्याची छत्री गेली. दुसरे असे की, पाहता पाहता थांबण्याची उन्हातली रीत इथे चालत नाही. कागदाला जास्त उजेड दिलेला असला की तो ट्रेमध्ये भराभर काळवंडतो. ‘आता जळणार!’ म्हणून माणूस अर्ध्या मिनिटातच बाहेर ओढतो. शिवाय लाल दिव्याखाली सारेच वाजवीपेक्षा गडद दिसते. बाहेर आणून पाहावे तर काळ्याच्या जागी करडे, तेही ढगाळ. काळ्याला पुरते काळे व्हायला कागदाला दीड-दोन मिनिटे तरी द्यावी लागतात. घाई झालेला भात जसा वरून शिजलेला पण आत कच्चा राहतो, तसा हा फोटो. आपल्या हवेचा जाच आणखी निराळा. हे पाणी वीस अंश सेंटिग्रेडला ठेवावे असे पुस्तक सांगते. वैशाखात नळालाच तिसाच्या वरचे पाणी येते, तेव्हा डेव्हलपर उतावळा होतो आणि पांढऱ्यावरही धुरकट पडदा चढवतो. म्हणून ट्रेभोवती बर्फाच्या पिशव्या लावून काम करणारे कारागीर आपल्याकडे कमी नव्हते.

या साऱ्या गोंधळात मोजमाप आणले ते दोन हौशी मित्रांनी. फर्डिनांड हर्टर हे मूळचे स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हे इंग्रज इंजिनियर. दोघेही इंग्लंडातल्या विडनेस गावी रसायनांच्या धंद्यात होते आणि फुरसतीत फोटो काढीत. फोटो साधला तर कौशल्य आणि बिघडला तर नशीब, हा न्याय त्यांना पटेना. प्रमाण मेणबत्तीसमोर काचा ठेवून, पायरीपायरीने उजेड वाढवून, प्रत्येक पायरीला किती काळे साचले ते त्यांनी मोजले आणि १८९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काढलेली वक्ररेषा झोपलेल्या ‘एस’ अक्षरासारखी आहे. पायथ्याशी सपाट, मध्ये सरळ चढ, माथ्याशी पुन्हा सपाट. चढावर उजेडात थोडा फरक पडला की काळेपणातही फरक पडतो. सपाटीवर मात्र कितीही फरक असला तरी सारे एकाच करड्यात गर्दी करून बसतात. मळकेपणाचा पत्ता प्रथमच कागदावर लिहिला गेला!

यातून जे कळले ते शिंप्याच्या भाषेत सांगता येईल: कपडा अंगाबरोबर बेतावा. निगेटिव्ह मऊ असेल तर तिला कडक कागद द्यावा, कडक असेल तर मऊ. कागदाचे असे प्रकार निघाले आणि त्यांना शून्यापासून पाचापर्यंत अंक मिळाले, शून्य सर्वांत मऊ आणि पाच सर्वांत कडक. १९४० साली, महायुद्ध ऐन भरात येत असता, इल्फर्ड कंपनीने ‘मल्टिग्रेड’ नावाचा कागद बाजारात आणला. त्यात दोन स्वभावांचे क्षार एकत्र नांदतात. पिवळी काच लावली की कागद मऊ होतो आणि किरमिजी काच लावली की कडक. पाच पुड्यांचे काम एका पुडीवर आले.

पण सर्व बेत जमूनही फोटो मळका येतो, असा एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. १९७४ चा सुमार. आमच्या स्टुडिओच्या मालकांना सारे गाव काका म्हणे. एक आजीबाई लग्नातला एक ग्रूप-फोटो पदराखाली धरून आल्या. त्यात मागच्या रांगेत उभे असलेले त्यांचे यजमान. दुसरा फोटो त्यांचा कधी निघालाच नव्हता. ‘एवढे एकच तोंड मोठे करून द्या,’ म्हणाल्या. मूळ फोटो पिवळा पडलेला, म्हणून नक्कल केलेली निगेटिव्ह पातळ आली. काकांनी कडक कागद घेतला, वेळ पूर्ण दिला, आणि तरी चेहरा राखेतला राखेतच! आजीबाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘हेच आहेत हो, पण यांचे डोळे असे विझलेले नव्हते.’

‘आजी, परवा या,’ एवढेच काका म्हणाले. त्या रात्री त्यांनी दोष शोधायला बसकण मारली. डेव्हलपर ताजे केले, फरक नाही. कागद नव्या पुडीतला घेतला, फरक नाही. लाल दिव्याचा संशय आमच्यापैकी कोणाला येईना, कारण फोटोच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. दिवा चोर असता तर कडाही काळवंडल्या असत्या, असे आम्हांला वाटे. काकांनी एक कोरा कागद एन्लार्जरखाली धरून त्याला किंचित उजेड दिला, फिका करडा येण्यापुरता. मग तो लाल दिव्याखाली ठेवून त्यावर चार आण्याचे नाणे ठेवले आणि पाच मिनिटे आम्ही गप्प बसलो. कागद धुतला तेव्हा भोवतालच्या गडद करड्यात नाण्याची फिकट चकती स्पष्ट उठून दिसली. लाल दिव्याचा उजेड एवढा थोडा होता की, कोऱ्या कडेवर त्याचा डाग पडत नव्हता. पण जिथे एन्लार्जरच्या उजेडाने आधीच सुरुवात केली होती, तिथे तो आपली भर घालीत होता. चेहऱ्यावरचे उजळ भाग नेमके तिथेच मरत होते.

दिवा लांब नेऊन भिंतीकडे फिरवला, जुनी विटलेली लाल काच बदलली, आणि चार नंबरच्या कागदावर पुन्हा प्रिंट काढली. ट्रेमध्ये पापण्या काळ्या होऊ लागल्या आणि बुबुळात खिडकीच्या उजेडाचा ठिपका पांढरा राहिला. परवा आजीबाई आल्या. त्यांनी फोटो पाहिला, पदराने काच पुसली आणि पैसे किती ते विचारले. काकांनी ठरल्यापेक्षा कमी घेतले, याचे कारण त्यांनी आम्हांला सांगितले नाही.

हा पेचप्रसंग खेड्यातल्या स्टुडिओवरच येतो असे नव्हे. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे या विद्येतले मोठे नाव. तरुणपणी त्यांनी पियानोवादक व्हायचे ठरवले होते, म्हणून निगेटिव्हला ते स्वरलिपी मानीत आणि प्रिंटला मैफल. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ गावाजवळ त्यांनी चंद्रोदयाचे एक छायाचित्र घेतले. ऊन पळत चालले होते आणि उजेडमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती, तीवरून हिशेब करून त्यांनी एकच निगेटिव्ह साधली. आकाश उत्तम आले, पण पुढच्या गावाचा आणि स्मशानातल्या क्रुसांचा भाग निगेटिव्हवर पातळ, म्हणजे प्रिंटमध्ये मळका. सात वर्षे त्या भागाशी झगडून शेवटी १९४८ साली त्यांनी निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने दाट करून घेतला. जगप्रसिद्ध छायाचित्रालाही असा करडा संसार करावा लागला! ओली प्रिंट झळाळते आणि वाळली की तिचे पांढरे किंचित मंदावते, हाही त्यांच्या नित्याच्या चिंतेचा विषय. म्हणून उतारवयात ते नमुन्याची पट्टी मायक्रोवेव्ह चुलीत वाळवून मग निर्णय देत.

काळ बदलला. निलगिरीत उटकमंडला सरकारने १९६० साली स्थापन केलेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना ‘इंदू’ नावाने फिल्म विकत असे, तो आता बंद पडला आहे. कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणे २००५ मध्ये थांबवले. ‘रीळ धुवायला टाकले’ हे वाक्य नातवंडांना समजावून सांगावे लागते. मल्टिग्रेड कागद मात्र इंग्लंडात अजून निघतो, आणि हौशी तरुण तो मागवून पुन्हा लाल दिव्याखाली उभे राहतात, असे दिसते.

तेव्हा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची फोटोंची पेटी उतरलीच, तर एक परीक्षा करून पाहावी. मळका फोटो खिडकीशी न्यावा आणि त्याची कड पाहावी. कडही पिवळी पडली असेल तर तो करडेपणा काळाचा. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो का फिकटतात हे शोधायला एक समिती नेमली होती. तिने नीट न धुतलेल्या हायपोला मोठा दोष दिला, आणि दमट हवा त्याला साथ देते. असा फोटो कोरड्या जागी ठेवावा आणि त्याची नक्कल लवकर काढून घ्यावी. पण कड पांढरी आणि चेहरा राखाडी असेल, तर तो फोटो बहुधा जन्मतःच मळका आहे. कोणाची तरी घाई झाली असेल, दिवा चोर असेल, किंवा कागदच अंगाबरोबर बेतलेला नसेल. त्याची निगेटिव्ह त्याच पेटीच्या तळाशी, पिवळ्या पाकिटात किंवा बिस्किटांच्या डब्यात असण्याचा संभव आहे. ती रद्दीत घालू नये. तिच्यातली पापणी अजून काळी आणि डोळ्यांतला ठिपका अजून पांढरा असू शकतो. कोणीतरी ती पुन्हा नीट छापायला हवी.